सोळा नंबरची वायर

१

काकांचं "हाव" थांबलं होतं, हे नीलम्माच्या ध्यानात आलं तेव्हा ती पंधरा नंबरवर होती.

तोवर सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. ती विमानाच्या पुढच्या सीटवर मांडी घालून बसलेली, मांडीवर वही, हातात मीटर. काका बाहेर शेपटीपाशी, पालथ्या बादलीवर. मधे पंधरा फुटांचं कापडानं मढवलेलं धड, त्यामुळे इकडचं माणूस तिकडे दिसत नाही. तिनं नंबर पुकारायचा. काकांनी "हाव" म्हणायचं आणि त्या नंबरच्या वायरीचं उघडं टोक शेपटीतल्या लोखंडी सांगाड्याला टेकवायचं. वायर आतून सलग असली की इकडे मीटर टुंई करायचा. मग तिनं पॅनेलमागचा स्क्रू आवळायचा, वायरीला लेबल चिकटवायचं, वहीत खूण करायची, आणि पुढचा नंबर. एकूण चोवीस वायरी. कंटाळवाणं काम, पण नीलम्माला असलीच कामं आवडत. त्यात दचकायला काही नसतं.

"दहा."

"हाव." टुंई.

"अकरा."

टुंई.

अकराला काका काही बोलले नव्हते, हे तिला मागाहून आठवलं. एप्रिलची दुपार, बंद पडलेल्या डाळमिलचं पत्र्याचं शेड, कानाशी घरघरणारा टेबलफॅन. म्हातारा माणूस किती वेळा हाव म्हणेल. घशाला कोरड पडली असेल. बारा, टुंई. तेरा, टुंई. चौदा, टुंई. पंधरा म्हणताना मात्र तिची जीभ अडखळली, कारण तिनं नुसतं "पं" म्हटलं आणि मीटर वाजला. आकडा अजून अर्धा तोंडातच होता.

"काका, घाई झाली का तुम्हाला?" ती हसून म्हणाली.

शेपटीकडून काही आलं नाही.

"सोळा." टुंई. "सतरा." टुंई.

तेवढ्यात शेडचं दार करकरलं. तिनं मान वर केली. मल्लिकार्जुनकाका दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन दारातून आत येत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"आठ दिसांनी आला बेटा टँकर," ते धापा टाकत म्हणाले. "हॉर्न ऐकला का माणूस हातातलं टाकून पळतं. तुला हाक मारली की म्या, अव्वा. तुझं डोकं वहीत." पुतणीला ते लाडानं अव्वा म्हणत.

"कधी गेलात तुम्ही?"

"दहा नंबर झाला आन गेलो. अर्धा घंटा झाला असंल."

मीटर नीलम्माच्या हातात चालूच होता. अठरा हा आकडा तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

२

"वायरी एकमेकीला लागल्या असतील," काका म्हणाले. तिचंही तेच म्हणणं होतं. इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन नांदेडहून आलेल्या पोरीचं दुसरं काय म्हणणं असणार. जुडग्यात कुठंतरी दोन टोकं सांगाड्याला टेकली, म्हणून मीटर वाजला. पण मग मीटर सारखा वाजायला हवा. नंबर पुकारल्यावरच कसा वाजेल, हे तिनं काकांना विचारलं नाही. लहानपणापासून घरात तिचं नाव दचकी पडलेलं. कुकरची शिट्टी झाली तरी हिच्या हातचा पेला पडायचा. असं माणूस काही सांगायला गेलं की लोक आधी हसतात, मग ऐकतात. बहुतेक हसूनच थांबतात.

त्या सात वायरी त्यांनी पुन्हा तपासल्या. काका शेपटीशी बसले, मोठ्यानं "हाव, हाव" म्हणत राहिले. सातही बरोबर निघाल्या. जिथं अकरा लिहिलं होतं तिथं अकराच होती. ज्यानं कुणी टोकं टेकवली, त्यानं एकही चूक केली नव्हती.

मल्लिकार्जुनप्पांनी तीस वर्षं अहमदपुरात विहिरींच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून दिल्या. दुष्काळ पडला तेव्हा आधी मोटारी कोरड्या फिरून धडाधड जळाल्या, दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मग विहिरींतच काही उरलं नाही आणि मोटारी यायच्या थांबल्या. लातूरला रेल्वेनं पाणी यायच्या कितीतरी आधीच दुकानाला कुलूप लागलं. रिकामं माणूस काय करतं? कुणी पत्ते कुटतं, कुणी नवा जिल्हा मागतं. काकांनी सात वर्षं अर्धवट पडलेलं विमान पुरं करायला घेतलं. गावामागचं तळं तळापर्यंत आटलं होतं. चिखल वाळून भेगाळला, वाऱ्यानं भेगा बुजल्या, आणि दीड किलोमीटरचं सपाट मैदान तयार झालं. काका म्हणत, देवानं पाणी नेलं, पण बदल्यात धावपट्टी दिली.

इंजिन हैदराबादच्या भंगारातलं, कुठल्याशा परदेशी मोटारगाडीचं. त्याला पिस्टन नाहीत. आत एक फुगीर त्रिकोण गरागरा फिरतो. चाललं की मोहोळ उठल्यासारखा आवाज, हादरा म्हणून नाही. खोड एकच. त्याला सारखी वीज लागते. पेट्रोलचा पंप विजेवर, ठिणगी विजेवर. सोळा नंबरची वायर पंपाची, सतरा ठिणगीची. त्या दोन्हीतली वीज गेली की आभाळात असो नाहीतर जमिनीवर, इंजिन तिथल्या तिथं मरतं. काकांचं जुनं वायरिंग घरातल्या दिव्यांच्या वायरीचं होतं. ते सगळं उपटून नवं करायला त्यांनी पुतणीला बोलावून घेतलं होतं. इंजिन नाकात जड, म्हणून तोल साधायला दोन्ही बॅटऱ्या शेपटीत. पुढून मागं चोवीस वायरी. त्या चोवीस वायरींवर काकांचा जीव टांगलेला, आणि तो तिनं टांगलेला, हे नीलम्माला झोपेतसुद्धा विसरता येत नव्हतं.

संध्याकाळी जिल्हा निर्मिती कृती समितीचे चिटणीस वीरभद्र पाच-सहा माणसं घेऊन आले. रविवारी मोंढ्यात, धान्यबाजारात, त्यांची सभा होती.

"काय मल्लिकार्जुनप्पा, फुलं टाकणार ना वरून?"

"आधी उडू तर द्या."

"उडतंय की. जिल्ह्याला पाणी न्हाई, पण विमान हाय म्हणून सांगू मंत्र्याला." सगळे हसले. वीरभद्रांनी नीलम्माकडे पाहिलं. "पोरीनं केलंय व्हय वायरिंग? भरोसा हाय ना?"

"माझ्यापरीस तिच्यावर जास्ती हाय," काका म्हणाले.

कमलम्माकाकूनं सगळ्यांना चहा दिला. लई दिवसांनी न फाटलेला चहा मिळाला, असं एकजण म्हणाला. नीलम्माचं लक्ष तिकडं नव्हतं. ती दारातून शेपटीकडं पाहत होती. पालथी बादली तिथंच होती, आणि तिच्यासमोर शेपटीतलं सुपाएवढं तपासणीचं भोक उघडं होतं.

३

दुसऱ्या दिवशी काका विमानाच्या पंख्याचे नट आणायला उदगीरला गेले. नीलम्मानं उरलेल्या वायरी एकटीनंच तपासायच्या ठरवल्या. शेपटीत जाऊन टोकाला चिमटा लावायचा, परत पुढं येऊन मीटर पाहायचा, परत मागं जायचं. वेळ जातो, पण कुणाची गरज लागत नाही. आणि तोंडानं काही बोलावं लागत नाही, हे तिनं स्वतःशी मुद्दाम उच्चारलं नाही.

अठरा झाली. मीटर वाजला. ती पॅनेलमागं वाकली, स्क्रू आवळला, लेबल चिकटवलं, वहीत खूण केली. सवय ही मोठी वाईट चीज. कालच्या पुकारण्यानं ओठांवर बसलेला पुढचा आकडा आपोआप सुटला.

"एकोणीस."

टुंई.

चिमटा अजून अठरालाच होता.

तिनं मीटर बंद केला आणि परत चालू केला. मीटरच्या दोन्ही सळ्यांची टोकं दूर धरली. गप्प. शेडमध्ये पत्रा तापून तडतडत होता, बाकी काही नाही. जमीन कोरडी आहे, ती मनाशी म्हणू लागली. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन महिने कुणी पाणी घातलेलं नाही. प्यायला नाही तर खड्ड्याला कोण घालणार. अर्थिंग मेलं की असले खोटे आवाज येतात. प्रयोगशाळेतही यायचे. सर म्हणायचे, विजेला जायला वाट नसली की ती भटकते. हे आठवून तिला बरं वाटायला हवं होतं.

ती मागं गेली. भोकासमोरच्या धुळीत तिच्याच चपलांचे ठसे होते, जाऊन येऊन गोंधळलेले, दुसऱ्या कुणाचे नाहीत. तिनं एकोणीसचं टोक ओढून उजेडात घेतलं. तांब्याचे बारीक तंतू सोलून पिळलेले होते. नीट, घट्ट पिळलेले. तिनं सकाळी ते सोलले होते, पिळले नव्हते. आणि पिळले असते तरी ती आणि काका दोघंही उजवीकडे पीळ देत. हा पीळ डावा होता.

टोक कोमट लागलं. पत्र्याखाली सगळंच कोमट असतं.

दुपारी जेवताना तिनं काकूला विचारलं, "शेडात कुणी येतं का गं, काकू? मिलचा जुना माणूस वगैरे?"

"कोण येतंय मरायला त्या भट्टीत." कमलम्मानं भाकरी तिच्या ताटात टाकली. "कामून, काय झालं? तोंड कसं झालंय बघ तुझं."

"काही नाही."

"दुपारचं एकटी बसत जाऊ नको तिथं. ऊन लागतंय."

ऊनच लागलं असेल, असं नीलम्मानं दोनदा म्हणून पाहिलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

४

बुधवारी तिनं दोन्ही बॅटऱ्यांची झाकणं उघडली. कोपऱ्यातल्या पांढऱ्या कॅनमधून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी ओतलं, कप्पे खुणेपर्यंत भरले आणि चार्जिंगला लावल्या. चालत्या इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटर बसवलेला होता, पण त्याचा पट्टा हैदराबादहून यायचा होता. तोवर इंजिनाला जी वीज मिळेल ती बॅटऱ्यांचीच. चाळीस मिनिटं खुशाल चालेल, असा तिचा हिशोब. काकांना तर मैदानावर दहा मिनिटं पळवून पाहायचं होतं.

गुरुवारी बॅटऱ्या अजून बाकावर होत्या. विमानात विजेचा थेंब नव्हता. तिनं सगळे फ्यूज बसवले, बटणांवर नावं चिकटवली आणि यादी वाचत एकेक बटण दाबून पाहू लागली, नीट खटका बसतो की नाही एवढंच. ओठ मिटलेले. बोट सोळाच्या बटणावर आलं. ते नुसतं एक बटण होतं, लाल टोपीचं. आपण कशाला भितो, असा तिला स्वतःचाच राग आला. भीती मोडायची तर तिच्या तोंडावर मोडावी. ती हळूच म्हणाली, "सोळा."

सीटखाली पंप घुर्र करून फिरला. पुरता दोन सेकंद. मग थांबला.

तिनं बाकाकडं पाहिलं. दोन्ही बॅटऱ्या तिथंच होत्या, त्यांच्या वायरी हवेत.

कपॅसिटर, तिच्या डोक्यानं लगेच सांगितलं. इंजिनाच्या डब्यात वीज साठवणारे मोठे कपॅसिटर आहेत, त्यांत जुना चार्ज उरला असेल, बटण दाबताच तो सुटला. हे अगदी शक्य होतं. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर तिनं हेच लिहिलं असतं. पण तिचं बोट बटणावर नुसतं टेकलेलं होतं. दाबलेलं नव्हतं.

काका नटबोल्टचा डबा खुळखुळवत आत आले. "पंप वाजला का गं आत्ता?"

"हो."

"लई गोड वाजतोय," ते म्हणाले. बाकावरच्या बॅटऱ्यांकडं त्यांनी पाहिलंच नाही. नीलम्मानं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण काय सांगणार? वायर नीट आहे, पंप नीट आहे, पीळसुद्धा माझ्यापेक्षा नीट आहे, म्हणून उडू नका?

५

गुरुवारी संध्याकाळी बॅटऱ्या शेपटीत बसल्या. सगळ्या वायरी तिथल्या जोडणीच्या पट्टीवर आवळल्या गेल्या. नीलम्मानं एकच वायर परत सोडवली, सोळा. तिचं टोक बाजूला वळवून त्याला काळी टेप गुंडाळली. एक रात्र ती अशी मोकळी राहू दे, आणि मग मीटर वाजतो का ते पाहू. वाजला नाही तर सगळे माझ्या मनाचे खेळ. वाजला तर काकांना सांगायचं, मग ते हसोत.

शुक्रवारी सकाळी काका अंघोळीच्या तांब्याभर पाण्याशी झटत असताना ती शेडात गेली. पुढं मीटर चालू करून सोळाच्या बटणामागं जोडून ठेवला. मग चपला काढून शेपटीशी आली. भोकातून आत अंधार. बॅटऱ्यांच्या मागं पट्टी, पट्टीच्या मागं निमुळतं होत गेलेलं धड, जिथं माणसाचा दंडसुद्धा शिरणार नाही. तिच्याजवळ दांडीवरचा आरसा होता, दातांच्या डॉक्टरकडं असतो तसा, जरा मोठा. तो तिनं आत घातला आणि मोबाइलचा उजेड पाडला.

आरशात आधी टेप दिसली. ती सुटून खाली पडलेली नव्हती. पुन्हा वापरता यावी तशी सांगाड्याच्या नळीवर नीट चिकटवून ठेवलेली होती.

मग वायर दिसली. तिचं टोक पट्टीपासून वीतभर वर, अधांतरी उभं होतं. ताठ वायर अशी उभी राहू शकते. पण ही वायर ताठ नव्हती. खालचा भाग सैल लोंबत होता, आणि टोकाजवळ, दोन बोटांची चिमट बसेल तेवढ्या जागी, तिचं आवरण जरा दबलेलं होतं. टोक बारीक थरथरत होतं. हात खूप वेळ वर धरून ठेवला की थरथरतो, तसं. कुणीतरी वाट पाहत होतं. कंटाळा न करता, पुढचा नंबर येईपर्यंत.

नीलम्माचे ओठ हलले. सोळा. नुसते ओठ.

टोक हळूच वाकलं आणि सांगाड्याला टेकलं. पंधरा फुटांवर, पुढं, मीटर वाजला.

आरसा तिच्या हातून आत पडला. तो काढायला ती थांबली नाही.

६

शनिवारी सकाळी सातलाच तळ्यात माणसं जमली होती. वीरभद्र, त्यांची समिती, शेंगा फोडत बसलेले चारदोन शेतकरी. विमान पांढरं, उन्हात डोळे दिपवणारं. काकांनी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले, उरलेलं विमानाच्या नाकाला लावलं.

नीलम्मानं त्यांना बाजूला घेतलं. रात्रभर तिनं वाक्य जुळवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "काका, शेपटीत कुणीतरी आहे."

"मग बरंच झालं. वजन मागं पाहिजेच होतं." ते हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू आवरलं. "आरसा सापडला मला आत. आन सोळा मोकळीच सोडली होतीस की. आवळली म्या. दमलीस तू, अव्वा."

"तुम्हाला काही दिसलं नाही?"

"वायरी दिसल्या. इतकं साफ काम म्या बापजन्मात केलं न्हाई."

"आज नका ना. पट्टा येऊ द्या."

"नुसतं पळवतो. चाक उचलणार न्हाई. बसवण्णाची आण." त्यांनी तिच्या हातात वॉकीटॉकी दिला. जोडीचा दुसरा विमानात होता. त्याचा सेल मेलेला, म्हणून तिनंच तो विमानाच्या वायरीवर घेतला होता. "तू बोलत राहा. मी हाय ना."

इंजिन लागलं. मोहोळ उठलं. विमान मैदानाच्या त्या टोकापर्यंत पळालं, वळलं, परत आलं. माणसांनी टाळ्या पिटल्या. दुसरी फेरी. नीलम्मा घड्याळ पाहत होती. सहा मिनिटं. तिसऱ्या फेरीला मैदानाच्या मधोमध एक वावटळ उठली, एप्रिलात रोज उठते तसली, आणि विमान तिच्यात शिरलं. धूळ, पालापाचोळा, कापडाचा फडफडाट. धूळ खाली बसली तेव्हा विमान जमिनीवर नव्हतं.

"अव्वा." वॉकीटॉकीत काकांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सुटलं गं जमिनीवरनं. म्या न्हाई उचललं, आपसूक सुटलं. आता आलोच हाय तर एक फेरी मारतो. किती दूरवर दिसतंय गं."

माणसं उभी राहिली. वीरभद्र टोपी हलवू लागले. कमलम्माकाकू किटली घेऊन नीलम्माजवळ आली, तिचे डोळे वर.

"यांना म्हणावं आता उतरा, चहा निवतोय. तोही फाटलेलाच हाय. या टँकरच्या खाऱ्या पाण्यात दूध टाकलं का गेलं. सोमवारी कसा झाला होता."

"सोमवारी काय वेगळं होतं?"

"शेडातलं गोड पाणी होतं की. तो पांढरा कॅन. एवढी पाव्हणी आली, काय करू मी? यांना सांगू नको. टँकरचं भरून ठेवलं म्या परत."

नीलम्माला आधी काही कळलं नाही. मग पांढरा कॅन आठवला. बुधवारी. दोन्ही बॅटऱ्यांचे सगळे कप्पे, काठोकाठ, तिच्या हातानं. खारट पाणी, बॅटरी आतून मारणारं. चार्जिंगला लावताना व्होल्ट बरोबर दिसले होते, दिसतातच. ओझं पडलं की कळतं. इतके दिवस ती शेपटीतल्या ज्याला भीत होती त्यानं काही केलं नव्हतं. जे केलं ते तिनं केलं होतं.

"काका, उतरा." ती बटण दाबून बोलली. "लगेच उतरा. बॅटरी जाणार आहे."

"काय गं? आवाज बारीक येतोय. हाव, वळतो आता बांधावरून, आन..."

खरखर. मग खरखरही नाही.

आणि मग, तळ्याच्या पार त्या टोकाला, दगडी बांधाच्या वर, मोहोळ थांबलं.

किती शांत झालं. शेंगा फोडायचा आवाजसुद्धा थांबला. विमान चार ताडांएवढ्या उंचीवर होतं, नाक जरा खाली झुकलेलं, पंखा वाऱ्यानं नुसताच फिरत असलेला. खाली बांधाचे दगड, बांधापलीकडं बाभळी. वीरभद्रांची टोपी हवेत थांबली होती. काकू म्हणाली, "आवाज कुठं गेला गं?"

"काका." नीलम्मानं बटण दाबलं. "काका, ऐकू येतंय का? काका, बोला. काका."

काही नाही. कुठून येणार? त्या वॉकीटॉकीला वीज कुठं होती? तो विमानाच्याच वायरीवर होता. एकवीस नंबर. तिनंच जोडलेली.

"काका."

नाक आणखी झुकलं. नीलम्माला पदवीत शिकलेलं सगळं आठवत होतं आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. ज्याला वाट नाही ती वीज भटकते. बाकावर बॅटऱ्या, हवेत वायरी, आणि घुर्र करून फिरलेला पंप. तिचा अंगठा बटणावरून घसरत होता. तिनं तो दाबून धरला, डोळे मिटले नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा, न दचकता, मोठ्यानं पुकारलं.

"सोळा."

विमान पडतच होतं.

"सतरा. ऐकतोस ना? सोळा. सतरा. सोळा."

काकूनं तिचा दंड धरला होता. बांधाचा वरचा दगड आणि विमानाची चाकं यांच्यात आता माणसाएवढंच अंतर उरलं होतं. तेव्हा आधी काहीतरी खोकललं. मग आवाजाचा एक तुकडा आला, तुटला, परत आला. मोहोळ जागं झालं. विमान बांधाच्या अंगावरून सरकून बाभळींवर गेलं, एका बाभळीचा शेंडा हलला, आणि ते पलीकडं, उन्हात, वर चढू लागलं.

माणसं ओरडत होती. काकू बसकण मारून रडत होती. नीलम्माचा श्वास सुटला, आणि त्याबरोबर ती गप्प झाली.

बांधापलीकडं इंजिन लगेच अडखळलं.

तिच्या हातातल्या वॉकीटॉकीत खट्ट झालं. कुणीतरी अगदी तोंडाशी धरून बोलावं, फार अरुंद जागेत अंग चोरून बसलेल्या माणसानं बोलावं, तसा एक आवाज आला. तो काकांचा नव्हता. काका तिला अव्वा म्हणत.

"थांबू नको, बाई," तो म्हणाला. "म्हणत राहा."